बोळातील वास : शोधाच्या नोंदी

३ फेब्रुवारी, रात्री

न्हाणीघर आणि झोपण्याच्या दोन खोल्या यांना जोडणाऱ्या बोळात गेले आठ-दहा दिवस एक विचित्र वास येतो आहे, आणि आजपर्यंत घरातील प्रत्येकाने तो दुसऱ्या कोणीतरी शोधावा म्हणून सोडून दिला आहे. आजपासून हे काम मी अंगावर घेतले असून त्याची रीतसर नोंद ठेवणार आहे. वासाचे वर्णन तिघांनी तीन प्रकारे केले. पत्नीच्या मते तो शिळ्या मासळीचा आहे, मुलीच्या मते मांजराच्या मुताचा, आणि मला तो या दोहोंच्या मधला, किंचित उग्र व घशाला लागणारा वाटतो. घरात मांजर नाही आणि महिन्याभरात मासळी आलेली नाही. वडिलांना कोणताच वास येत नाही. "तुमची नाकं फार नाजूक झाली आहेत रे," एवढेच त्यांचे मत आहे. तेही नोंदवून ठेवतो.

शोध सुरू करण्यापूर्वी जिवाला धोका असणाऱ्या दोन शक्यता आधी तपासल्या. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन हे गंधकयुक्त संयुग मिसळलेले असते आणि त्याचा वास कुजलेल्या कोबीच्या जवळचा असतो. आमचा वास तसा नाही. तरीही रेग्युलेटर, नळी आणि शेगडीचे सांधे यांवर साबणाचे पाणी लावून पाहिले. कोठेही बुडबुडा आला नाही. दुसरी शक्यता विजेची. रात्री नऊ वाजता घरातील सर्व स्विचबोर्डांवर हात ठेवून पाहिला. एकही गरम नव्हता, काळा डाग नव्हता, जळकट वास नव्हता. दोन्ही शक्यता यादीतून खोडल्या.

४ फेब्रुवारी

बोळात उभे राहून वास घेत राहिल्यास दोन-तीन मिनिटांत तो येईनासा होतो, म्हणजे नाक निर्ढावते. एकाच गंधाचा मारा सतत होत राहिला की नाकातील ग्राहक पेशी आणि मेंदू दोन्ही त्याची दखल घेणे कमी करतात. आपल्याच घराचा वास आपल्याला न जाणवता पाहुण्याला जाणवतो तो याच कारणाने. त्यामुळे नियम केला की वास घेणाऱ्याने आधी किमान पंधरा मिनिटे घराबाहेर काढायची, आत येऊन सरळ नेमलेल्या जागी जायचे, तीन लहान श्वास घ्यायचे आणि ० ते ३ यांपैकी एक गुण द्यायचा. ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे शंका, २ म्हणजे निश्चित, ३ म्हणजे नाकाला रुमाल लावावासा वाटणे. नोंदीचे रकाने असे आहेत : वेळ, जागा, गुण, वास कोणी घेतला, आणि न्हाणीघराचे दार उघडे होते की लावलेले. शेवटचा रकाना हवेच्या वाहण्याचा अंदाज यावा म्हणून ठेवला आहे.

शोध पूर्ण होईपर्यंत घरात सुगंधी फवारा, उदबत्ती किंवा फिनेल वापरायचे नाही, यावर सर्वांची संमती मिळवली. संमती मिळवण्यास शोधापेक्षा अधिक वेळ लागला.

५ फेब्रुवारी

वडिलांच्या मताचा आदर राखून, वास खरोखर आहे की आम्ही एकमेकांच्या बोलण्यावरून तो कल्पितो आहोत, याची चाचणी घेतली. धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती चादरीचे सारखे तुकडे केले. काही तुकडे रात्रभर बोळात टांगले, काही गच्चीत, आणि सकाळी आंघोळी आटोपल्यावर ते झाकणाच्या बरण्यांत भरले. मुलीला दरवेळी दोन बरण्या द्यायच्या, एक बोळातली आणि एक गच्चीतली, आणि बोळातली कोणती ते तिने सांगायचे. कोणती बरणी आधी द्यायची ते पत्नीने दुसऱ्या खोलीत नाणे उडवून ठरवले, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून काही कळू नये. सहा वेळा विचारले आणि सहाही वेळा उत्तर बरोबर आले. नुसत्या अंदाजाने सहापैकी सहा बरोबर येण्याची शक्यता ६४ मध्ये १ असते. वास खरा आहे, आणि तो कापडात मुरतो. नऊ वर्षांच्या मुलीचे नाक घरात सर्वांत तीक्ष्ण असल्याचेही यातून सिद्ध झाले, आणि तिने ते दिवसभरात सर्वांना ऐकवले.

७ फेब्रुवारी

आज दोषी सापडला असे वाटते. पाहुण्यांच्या खोलीला जोडलेले दुसरे न्हाणीघर गेले दोन महिने वापरात नाही. तेथील नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीतील सांडपाण्याच्या तोंडाची, जाळी काढून विजेरीने पाहिले, तर आत पाणीच नव्हते.

ट्रॅपची रचना साधी आणि हुशार आहे. जमिनीखालच्या वळणात सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहते आणि तेच सांडपाण्याच्या नळातील वायूंना घरात येण्यापासून अडवते. वापर थांबला की हे पाणी हळूहळू उडून जाते आणि नळ व घर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. वर येणाऱ्या वायूंतील सर्वांत ओळखीचा म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. हवेत तो अत्यल्प असला तरी नाकाला कळतो, पण प्रमाण फार वाढले, म्हणजे दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास गेले, की तो नाकच बधिर करतो; म्हणून बंद गटारासारख्या जागी वास येईनासा झाला याचा अर्थ वायू निघून गेला असा घेऊ नये. घरात इतके प्रमाण होण्याचा प्रश्न नव्हता. ट्रॅपमध्ये दोन तांबे पाणी ओतले, वर दोन चमचे तेल सोडले म्हणजे तवंगामुळे पाणी उशिरा उडेल, आणि जाळी बसवली.

जाळी काढल्यावर आलेला वास मासळीचा नव्हता, ही गोष्ट मला तेव्हाही जाणवली होती. पण इतके स्पष्ट कारण समोर असताना वासाच्या वर्णनावरून कोण भांडतो?

८ आणि ९ फेब्रुवारी

पत्नी, मुलगी आणि वडील दोन दिवस बाहेरगावी. मी एकटाच घरी. दोन्ही दिवशी सकाळ, दुपार, रात्र अशा सहा नोंदी. सर्व गुण ०. शोध संपला.

१० फेब्रुवारी

मंडळी काल रात्री परतली. आज सकाळी पावणेआठ, बोळ, गुण ३, वास घेणारी मुलगी, दार लावलेले. तिने गुण सांगितला त्या स्वरात थोडा विजयही होता.

११ आणि १२ फेब्रुवारी

उरलेल्या नेहमीच्या संशयितांची तपासणी दोन दिवसांत उरकली. माळ्यावर किंवा भिंतीमागे उंदीर मेला असावा, ही शेजाऱ्यांची पहिली सूचना. माळा पूर्ण रिकामा केला, काही नाही. शिवाय मेलेल्या प्राण्याचा वास रात्रंदिवस येतो, काही दिवस वाढतो, माश्या आणतो आणि शरीर वाळत गेले की ओसरतो. आमचा वास काही वेळ येतो आणि पूर्ण जातो. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरवर असलेली पाण्याची तबकडी काढून धुतली. ती घाण होती, पण दोषी नव्हती. कपडे धुण्याच्या यंत्राच्या दाराच्या रबरी पट्टीत काळी बुरशी निघाली, तीही पुसली. बोळातील भिंतीला ओल असावी म्हणून हातभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून चोवीस तास ठेवला. आतल्या बाजूला पाण्याचा थेंब जमला नाही. ओलीचा वास तसाही मातकट असतो.

या दोन दिवसांत घर स्वच्छ झाले, एवढे श्रेय शोधाला द्यावे लागेल.

१३ फेब्रुवारी

जागा निश्चित करण्यासाठी पुन्हा कापडाचाच उपयोग केला. सारख्या आकाराचे सात तुकडे सात जागी टांगले : (१) बोळाचे दिवाणखान्याकडील टोक, (२) बोळाचा मध्य, (३) न्हाणीघराच्या आत, नहाणीच्या जाळीच्या वर हातभर, (४) न्हाणीघराच्या दाराच्या बाहेरच्या अंगावरील खुंटी, (५) आणि (६) दोन खोल्यांची दारे, (७) माळ्याचे तोंड. तुकडे चोवीस तास तसेच राहतील आणि उद्या आकडे झाकून बरण्या मुलीपुढे व पत्नीपुढे ठेवल्या जातील.

पुढील विचारासाठी या कोपऱ्याची मांडणी लिहून ठेवतो. न्हाणीघर लहान असल्याने त्याचे दार बोळात, म्हणजे बाहेर उघडते. पूर्ण उघडले की ते बोळाच्या भिंतीला जाऊन टेकते आणि वापर नसताना तसेच असते, कारण आतली ओल वाळावी अशी सर्वांची इच्छा असते. खुंटी दाराच्या बाहेरच्या अंगावर असल्याने दार उघडे असताना ती आणि तिच्यावरचा टॉवेल, दार व भिंत यांच्या फटीत अडकून राहतात.

१४ फेब्रुवारी

निकाल. मुलगी आणि पत्नी यांनी स्वतंत्रपणे एकच क्रम लावला. क्रमांक ४ ला दोघींनी ३ गुण दिले. क्रमांक २ ला एकीने २ आणि दुसरीने १. क्रमांक ३, म्हणजे थेट नहाणीवर टांगलेल्या तुकड्याला दोघींनी ०. बाकी सर्व ०.

यावरून उगम न्हाणीघरात आहे असे मी ठरवतो. क्रमांक ३ चा निकाल याच्याशी जुळत नाही, हे मान्य आहे. परंतु वर खिडकीतून हवा आत येत असल्याने नहाणीतील वायू खालच्या बाजूने बोळाकडे ढकलला जात असावा आणि खुंटीवरच्या कापडात मुरत असावा. शिवाय वास येतो तोही नेमका कोणी आंघोळीला गेले की. पाणी ट्रॅपमध्ये कोसळते तेव्हा आतली हवा हलते, वायू वर येतो. सर्व काही नीट बसते.

(नंतरची टीप, १८ फेब्रुवारी : ही नोंद जशीच्या तशी ठेवली आहे. जे जुळत नव्हते त्यासाठी मी वाऱ्याची दिशा शोधून काढली. खिडकीपाशी कागदाची एक पातळ पट्टी धरून ती दिशा पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत.)

१५ फेब्रुवारी

मुख्य न्हाणीघराच्या नहाणीची साफसफाई. जाळी, तिच्याखालची वाटी आणि वळण यांतून केस, साबणाचा चिकट थर आणि काळा गाळ निघाला. ताठ ब्रशने घासून, गरम पाणी सोडून सर्व स्वच्छ केले. ट्रॅपमध्ये पाणी भरपूर आहे. संध्याकाळी गुण ०. पण संध्याकाळी तो नेहमीच ० असतो, हे आता लक्षात येऊ लागले आहे.

१६ फेब्रुवारी

काल रात्री सर्वांच्या झोपण्यापूर्वी नहाणीच्या तोंडावर जाड प्लॅस्टिक पसरून कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद केल्या. बेसिनचे आणि कमोडचे तोंडही असेच झाकले. उद्देश असा, की उगम सांडपाण्याच्या नळात असेल तर झाकण काढेपर्यंत वास येऊ नये, आणि काढल्याबरोबर यावा.

सकाळी सव्वासातला पत्नीने नेहमीप्रमाणे गीझर लावला आणि ती आपल्या कामाला गेली. मी बाहेर फेरी मारून साडेसातला परत आलो, प्लॅस्टिक काढण्यासाठी न्हाणीघरात शिरलो आणि आत दिव्याच्या उजेडात नीट दिसावे म्हणून दार ओढून घेतले. दार भिंतीपासून सुटताच वास आला. निःसंशय ३. प्लॅस्टिक जागच्या जागी, चिकटपट्टी शाबूत, रात्रीपासून पाण्याचा एक थेंबही खाली गेलेला नव्हता.

मी दार पुन्हा उघडून भिंतीला टेकवले, बाहेर जाऊन आलो, आणि परत ओढले. वास पुन्हा आला, या वेळी २. वास न्हाणीघरातून बाहेर येत नव्हता. तो दार आणि भिंत यांच्यामधल्या फटीत साठत होता आणि दार हलले की बोळात पसरत होता. कोणी आंघोळीला गेले की वास येतो, कारण आंघोळीला जाणारा माणूस दार लावून घेतो.

फटीच्या मागे भिंतीवर काय आहे, हे घरात बारा वर्षे राहूनही मला क्षणभर आठवावे लागले. तेथे गीझरचा स्विचबोर्ड आहे.

१७ फेब्रुवारी

घाईने निष्कर्ष काढण्याचा दोष या आठवड्यात दोनदा घडलेला असल्याने आधी जुन्या नोंदी काढल्या आणि त्या जागेऐवजी वेळेच्या क्रमाने पुन्हा उतरवल्या. तेव्हा जे दिसले ते इतके ठळक होते की ते आधी न दिसल्याची लाज वाटली. २ किंवा ३ गुणांची प्रत्येक नोंद सकाळी सात ते नऊ या वेळातली आहे, आणि त्या प्रत्येक नोंदीपुढे दाराच्या रकान्यात "लावलेले" असे लिहिले आहे. दुपारी, संध्याकाळी आणि रात्री एकदाही १ च्या वर गुण नाही.

८ आणि ९ फेब्रुवारीच्या सहा शून्यांचे कारणही आता समजते. त्या दोन दिवशी मी घरात एकटा होतो आणि थंड पाण्याने आंघोळ करून कामावर गेलो. ही गोष्ट मी नोंदीत लिहिलेलीच नाही, कारण आंघोळीच्या पाण्याचा वासाशी संबंध असेल असे मला वाटले नव्हते. जे लिहिले ते ट्रॅपमध्ये ओतलेले दोन तांबे पाणी.

सकाळच्या वेळी तीन गोष्टी एकत्र घडतात : गीझर चालतो, पाणी नहाणीत जाते आणि दार हलते. त्या वेगळ्या करून पाहायला हव्यात. आज पहिला भाग केला. गीझर पूर्ण बंद ठेवून चाळीस लिटर थंड पाणी नहाणीत ओतले, आणि अर्ध्या तासाने शेगडीवर तापवलेले एक बादली पाणीही ओतले. दार पाच वेळा उघडले, लावले. वास घेणारी मुलगी, आणि प्रत्येक वेळी गुण ०. सर्वांनी थंड पाण्याने आंघोळ केली. वडिलांनी शोधाबद्दलचे आपले मत पुन्हा एकदा सांगितले.

१८ फेब्रुवारी

दुसरा भाग : गीझर चालवायचा आणि नहाणीत काही जाऊ द्यायचे नाही. टाकीतले पाणी आधीच गरम असेल तर थर्मोस्टॅट दोन-तीन मिनिटांत वीज तोडतो आणि चाचणी फुकट जाते, म्हणून कालपासून गीझर बंदच ठेवला होता. आमची टाकी १५ लिटरची आणि गीझर २,००० वॅटचा आहे. पाणी तीस अंशांनी तापवायला साधारण सोळा मिनिटे लागतात.

ही चाचणी एकट्याने न करता पत्नीला एमसीबीपाशी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचपाशी, उभे केले, आणि काही वेगळे दिसले की लगेच बंद करायचे असे ठरवले. सकाळी ७.१० ला गीझर लावला. दार नेहमीसारखे भिंतीला न टेकवता अर्धे उघडे ठेवले, म्हणजे बोर्ड नजरेसमोर राहील. आठव्या मिनिटाला बोर्डाजवळ नाक नेल्यावर गुण १. अकराव्या मिनिटाला २, आणि वास खुंटीपेक्षा, नहाणीपेक्षा, कशाहीपेक्षा बोर्डाच्या खालच्या कडेशी अधिक. हाताची मागची बाजू बोर्डाच्या पुढच्या पट्टीला लावली. गीझरच्या स्विचची पट्टी स्पष्ट गरम होती. त्याच बोर्डावरील दिव्याच्या स्विचची थंड. कान जवळ नेला तेव्हा अतिशय बारीक, तेलात पाण्याचा थेंब पडावा तसा आवाज येत होता. एमसीबी बंद करायला सांगितले. वेळ ७.२२.

तो एमसीबी आता वायरमन येईपर्यंत बंद राहील, आणि त्यावर कोणी हात लावू नये म्हणून चिठ्ठी चिकटवली आहे. बोर्ड मी स्वतः उघडलेला नाही.

१९ फेब्रुवारी

वायरमन दुपारी आला. त्याने आधी एमसीबी बंद असल्याची खात्री केली, मग टेस्टरने बोर्डात वीज नसल्याची, आणि मगच पट्टी उघडली. पट्टी बाहेरून पांढरीशुभ्र होती. आतली बाजू एका कोपऱ्यात तपकिरी झालेली. स्विचच्या एका टर्मिनलचा, म्हणजे तार जोडण्याच्या जागेचा, स्क्रू बोटाने फिरत होता. त्यात बसवलेल्या तांब्याच्या तारेचे टोक काळे पडले होते आणि तारेचे आवरण सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत कडक होऊन तडकले होते. टर्मिनलभोवतीचे पांढरे, टणक प्लॅस्टिक करपले होते, पण वितळलेले नव्हते. त्याने तो भाग माझ्या नाकाशी धरला. वेगळे काही विचारण्याची गरज उरली नाही.

एमसीबी का पडला नाही, हे मी विचारले. तो म्हणाला, "साहेब, त्याला काय कळणार? करंट नेहमीएवढाच जातोय. लूज कनेक्शन त्याला दिसत नाही."

त्याने तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापली. लांबी पुरेना म्हणून तो तुकडाच नवा ओढला, टोकाला थिंबल, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवले, आणि साध्या स्विचच्या जागी फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा, अधिक क्षमतेचा डीपी स्विच लावला. माझ्या विनंतीवरून त्याने घरातील इतर जड भाराच्या जागांचे स्क्रूही पाहिले. इस्त्रीच्या सॉकेटचा एक स्क्रू पाऊण फेरा फिरला. तेथे वास नव्हता, डाग नव्हता. अजून वेळ आली नव्हती, एवढेच.

२० फेब्रुवारी

वायरमनचे उत्तर कागदावर पडताळून पाहिले. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला असे धरले तर तो गीझरच्या सुमारे साडेसव्वीस ओहम रोधाला जोडला जाऊन प्रवाह उलट थोडा घटतो, साधारण ८.५ अँपिअरपर्यंत. म्हणजे १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने सर्व काही नेहमीपेक्षाही बरे चालले आहे. त्याच वेळी त्या जोडात प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होते. तारा डाखण्याचे लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. त्याच्याहून तापट वस्तू आमच्या भिंतीत रोज सकाळी अर्धा-पाऊण तास चालू राहत होती. विजेच्या गळतीवर पडणारा सुरक्षा-स्विचही येथे उपयोगी नाही, कारण वीज बाहेर कोठेच जात नाही; जेवढी आत जाते तेवढीच परत येते.

असा जोड आपोआप सुधारत नाही. तापताना धातू प्रसरण पावतो, निवताना आकुंचन पावतो, आणि प्रत्येक फेऱ्यात स्क्रूची पकड थोडी आणखी ढिली होते. उघड्या पडलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध वाढतो, आणि पुढच्या वेळी उष्णता अधिक होते.

मासळीच्या वासाचे कोडेही येथेच सुटते. विजेच्या साहित्यात पूर्वीपासून वापरले जाणारे युरिया फॉर्मल्डिहाइड हे प्लॅस्टिक उष्णतेने वितळत नाही, करपते, आणि करपताना त्यातील नायट्रोजनमुळे अमोनियासदृश अमाइन वर्गातील संयुगे बाहेर पडतात. शिळ्या मासळीला तिचा वास देणारे ट्रायमिथाइलअमाइन हे त्याच वर्गातले. मुताच्या वासात अमोनिया असतो. पत्नीचे आणि मुलीचे वर्णन पहिल्या दिवसापासून अचूक होते. जळकट वासाची वाट पाहणारा मी, आणि जळकट वास येण्याआधी हा वास येतो, हे मला ठाऊक नव्हते.

३ फेब्रुवारीच्या तपासणीबद्दल एक दुरुस्ती नोंदवतो. स्विचबोर्डांवर हात ठेवला तो रात्री नऊला. त्या वेळी गीझर बंद होऊन बारा तास झाले होते. त्या तपासणीने एवढेच सिद्ध झाले होते की न वापरलेला स्विच थंड असतो. यादीतून खोडलेल्या प्रत्येक नावापुढे ते कोणत्या वेळी आणि काय चालू असताना खोडले, हे लिहिले असते तर पंधरा दिवस वाचले असते, आणि पंधरा दिवसांत काय झाले असते याचा विचार मी काल रात्री बराच वेळ केला.

२१ फेब्रुवारी

दुरुस्तीनंतर आज पहिल्यांदा गीझर लावला. तीस मिनिटे सलग, मध्ये गरम पाणी काढत राहून. पाचव्या, पंधराव्या आणि तिसाव्या मिनिटाला हात लावला. पट्टी भिंतीइतकीच थंड. मात्र मुलीने खुंटीपाशी गुण १ दिला. खुंटीवरचा टॉवेल बदललेला नव्हता. तो धुवायला टाकला आणि दाराचे बाहेरचे अंग साबणाच्या पाण्याने पुसून घेतले.

२८ फेब्रुवारी

आठवडाभरातील चौदा नोंदी, रोज सकाळी दोन, दार लावल्याबरोबर. २२ तारखेला एकदा १, बाकी सर्व ०. दार आता भिंतीपासून वीतभर दूर राहावे म्हणून खाली रबरी अडसर बसवला आहे, म्हणजे बोर्ड कायम दिसतो. वडिलांनी अडसराला दोनदा ठेच लागल्याची तक्रार केली. तो दाराच्या कोपऱ्याकडे सरकवला.

१२ मार्च

वायरमन पुन्हा येऊन गेला. नव्या टर्मिनलचे स्क्रू तीन आठवड्यांच्या वापरानंतर तपासले; एकही फिरला नाही. इस्त्रीचे सॉकेटही घट्ट आहे. बोळातील गुण ०, वास घेणारी मुलगी. तिने आता या कामाचा मोबदला मागायला सुरुवात केली आहे.

पाहुण्यांच्या न्हाणीघरातील ट्रॅप विजेरीने पाहिला. पाणी आहे, तेलाचा तवंगही आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यात एक तांब्या पाणी ओतायचे, असे दिनदर्शिकेवर लिहून ठेवले.